बारा स्पीडचा ड्रायव्हर कोणासाठी?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरात राहतो. वय त्रेचाळीस, नोकरी संगणकासमोर बसण्याची. दीड वर्षापूर्वी कार्यालयातील सहकाऱ्यांच्या नादाने डिस्क गोल्फ, म्हणजे फ्रिस्बीसारखी तबकडी कमीत कमी फेकींत दूरच्या बास्केटमध्ये घालण्याचा खेळ, खेळू लागलो आणि आता बहुतेक शनिवारी सकाळी हॉर्नेट्स नेस्ट किंवा किलबोर्नच्या कोर्सवर असतो. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकतो. ‘लेपर्ड ३’ या सात स्पीडच्या डिस्कने माझी फेक २२५ ते २४० फुटांपर्यंत जाते आणि बरेच महिने तिथेच अडली आहे. ‘लांब फेकायचे तर लांब जाणारी डिस्क हवी’ असे एका मित्राने सांगितल्यावरून मी इनोव्हा कंपनीचे डिस्ट्रॉयर आणि बॉस व डिस्क्राफ्ट कंपनीचा न्यूक असे तीन ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीच्या डिस्क, घेतले, तिन्ही १७५ ग्रॅमच्या घरातले. ते थोडे सरळ जातात आणि मग डावीकडच्या झाडीत घुसतात. मधूनच मात्र एखादी फेक २७० फुटांवर जाऊन पडते आणि वाटते की आता जमत चालले आहे. दुसरा एक मित्र म्हणतो की सात स्पीडच्या वरची डिस्क हातातही धरू नकोस. पहिला म्हणतो की फेकत राहा, हात आपोआप तयार होईल. अलीकडे खांदा दुखू लागला आहे. बारा वर्षांची मुलगी हल्ली सोबत येते आणि तिलाही हेच ड्रायव्हर हवे आहेत. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, शार्लट

उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो, कारण हे पत्र तुम्ही शनिवारी सकाळी कोर्सवर निघण्यापूर्वी वाचत असाल तर निदान पिशवीत काय ठेवायचे एवढे तरी ठरलेले बरे. आज तुमची जी फेक आहे तिला बारा-तेरा स्पीडच्या ड्रायव्हरचा टीवरून, म्हणजे पहिल्या फेकीच्या जागेवरून, जवळजवळ काहीही उपयोग नाही. दोन-तीन विशिष्ट प्रसंगी असा एक ड्रायव्हर कामाला येतो, त्यासाठी तुमच्याकडील तिघांपैकी एक ठेवावा. उरलेल्या दोघांची रजा मंजूर करावी. दुसऱ्या मित्राचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे, पण ‘हातातही धरू नकोस’ हा अतिरेक आहे. पहिल्या मित्राचे ‘हात आपोआप तयार होईल’ हे विधान मला अधिक धोक्याचे वाटते, कारण हात तयार होतो हे खरेच, पण तो कशासाठी तयार होतो हे कोणी पाहत नाही.

डिस्कवर छापलेल्या चार आकड्यांपासून सुरुवात करू. डिस्ट्रॉयरवर १२, ५, उणे १, ३ असे आकडे असतात. पहिला स्पीडचा, दुसरा ग्लाइडचा म्हणजे तरंगत राहण्याचा, तिसरा वेगात असताना उजवीकडे कलण्याचा आणि चौथा वेग संपताना डावीकडे वळण्याचा, अर्थात उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी. दुकानात उभा असलेला माणूस पहिला आकडा वाचतो आणि ती डिस्क बारा वेगाने जाते असे समजतो. सगळा घोटाळा इथून सुरू होतो. तो आकडा डिस्क तुम्हाला जो वेग देणार आहे त्याचा नाही. डिस्कने उरलेल्या तीन आकड्यांप्रमाणे उडावे यासाठी तुम्ही तिला जो वेग द्यायचा आहे त्याचा तो साधारण निर्देश आहे. शिवाय हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने ठरवते. या खेळाची जागतिक संस्था पीडीजीए डिस्कचा व्यास, वजन, कडेची रुंदी, लवचिकता अशा गोष्टी तपासून मान्यता देते, पण डिस्क किती ‘स्पीड’ची आहे यावर तिचा शिक्का नसतो. त्यामुळे एका कंपनीची बारा आणि दुसऱ्या कंपनीची बारा यांत फरक निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

आकडा वाढतो तसतसे डिस्कमध्ये नेमके काय बदलते, तर रिम, म्हणजे डिस्कची कड, रुंद होते आणि तिची धार पातळ होते. पटरची, म्हणजे बास्केटजवळच्या फेकींसाठीच्या डिस्कची, रिम सुमारे एक सेंटीमीटर रुंद असते, तर डिस्ट्रॉयरची सुमारे २.२ सेंटीमीटर, पीडीजीएच्या नियमानुसार ती २.६ सेंटीमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही आणि आजचे सर्वांत वेगवान ड्रायव्हर या मर्यादेच्या अगदी जवळ येऊन थांबलेले आहेत. १९८३ साली इनोव्हाच्या ‘ईगल’ने उतरत्या, धारदार कडेची डिस्क खेळात आणली तेव्हापासून हा प्रवास एकाच दिशेने चालू आहे: हवेचा रोध कमी करायचा, म्हणजे जोरात फेकलेली डिस्क आपला वेग अधिक काळ टिकवून ठेवील. ‘जोरात फेकलेली’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

उडत्या डिस्कवर हवेची उचल जिथे केंद्रित होते ती जागा स्थिर नसते. डिस्क पुरेशा वेगात असताना ती मध्याच्या किंचित मागे असते, त्यामुळे डिस्कचे नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबले जाते. पण डिस्क गिरकी घेत असल्यामुळे त्या दाबाचा परिणाम नाकावर न दिसता काटकोनात बाजूला दिसतो आणि उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क उजवीकडे कलते. वेग उतरला की तीच जागा पुढे सरकते, नाक वर उचलले जाऊ लागते आणि त्याच गिरकीमुळे डिस्क डावीकडे झुकते. लांब फेकीचे जे सुंदर इंग्रजी ‘एस’सारखे वळण आपण पाहतो, म्हणजे आधी हलकेच उजवीकडे, मग बराच वेळ सरळ आणि शेवटी डावीकडे, ते या दोन टप्प्यांचे मिळून बनते. बारा स्पीडच्या डिस्कमध्ये पहिला टप्पा सुरू होण्यासाठी लागणारा वेग बराच मोठा असतो. तुमची डिस्क ‘थोडी सरळ जाते आणि मग डावीकडे घुसते’ असे तुम्ही लिहिले आहे, त्याचा अर्थ ती पहिल्या टप्प्यात जातच नाही. हातातून सुटते तेव्हाच ती आपल्या दृष्टीने दमलेली असते. क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला हे सांगणे सोपे आहे: चेंडू कितीही जुना आणि एका बाजूने कितीही घासलेला असला तरी मध्यमगती गोलंदाजाच्या हातून तो सहसा रिव्हर्स स्विंग होत नाही, त्याला एका मर्यादेपलीकडचा वेग लागतोच.

ती मर्यादा ढोबळमानाने कुठे आहे हे खेळाडूंमध्ये रूढ असलेल्या ठोकताळ्यांवरून सांगता येते. सपाट मैदानावर, वारा नसताना, बारा-तेरा स्पीडच्या ड्रायव्हरला जवळपास ३५० फूट फेकण्याइतका हात हवा, म्हणजे डिस्क सुटताना ताशी ६० मैल, साधारण ९७ किलोमीटर, किंवा त्याहून अधिक वेग. अव्वल पुरुष व्यावसायिक खेळाडू ताशी ७० मैलांच्या पुढे फेकतात. तुमची २३० फुटांची फेक बहुधा ताशी ४५ मैलांच्या आसपासची आहे. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या बहुसंख्य हौशी खेळाडूंची फेक याच टापूत असते. मात्र आपण कोणत्या टापूत आहोत हे ओळखून डिस्क घ्यावी.

आता त्या २७० फुटांच्या फेकीकडे वळू, कारण तुमचा खरा गुंता तिथे आहे. ती फेक खोटी नाही. कधी डिस्क नाक खाली ठेवून नीट सुटते, कधी मागून वारा असतो, कधी टीपासून जमीन उतरती असते, आणि बऱ्याचदा रुंद रिमची डिस्क कडक जमिनीवर आपटून पुढे वीस-तीस फूट घसरत जाते. शार्लटच्या आसपासची लाल माती पाऊस नसताना त्या कामी फार तत्पर असते. पण माणसाचे मन सर्वांत लांब फेक लक्षात ठेवते आणि झाडीत शोधत बसलेल्या बाकीच्या विसरते. कोर्सवर गुण मोजले जातात ते मात्र सगळ्या फेकींचे. साधा हिशेब करून पाहा. बास्केट ३०० फुटांवर आहे असे धरा. लेपर्डने सरळ २३० फूट गेलात तर पुढे ७० फूट उरतात, समोर मोकळी वाट असते आणि त्या जागेवरून डिस्क बास्केटजवळ टाकून पुढच्या फेकीत संपवणे, म्हणजे तीनमध्ये आटोपणे, तुम्हाला अशक्य नाही. डिस्ट्रॉयरने २६५ फूट गेलात पण ५० फूट डावीकडे, तर बास्केटपासूनचे सरळ अंतर सुमारे ६१ फूट भरते. पस्तीस फूट अधिक फेकून तुम्ही जवळ आलात ते केवळ नऊ फूट, आणि त्या ६१ फुटांमध्ये पाइनचे बुंधे उभे आहेत. पीडीजीएच्या नियमांत बास्केटभोवतीचे १० मीटरचे वर्तुळ पटिंगसाठी, म्हणजे जवळून बास्केटमध्ये डिस्क टाकण्यासाठी, महत्त्वाचे असते; म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही त्या वर्तुळाच्या बाहेरच आहात, फरक इतकाच की एका वेळी तुम्हाला बास्केट दिसते आहे.

कोनाच्या बाबतीतही असेच. २५० फुटांच्या फेकीत दिशा पाच अंशांनी चुकली तर डिस्क सुमारे २२ फूट बाजूला पडते. मोकळ्या मैदानावर हे चालून जाते. शार्लटच्या कोर्सवर, जिथे अनेक होलना, म्हणजे टीपासून बास्केटपर्यंतच्या वाटांना, दोन्ही बाजूंनी झाडांच्या भिंती आहेत आणि खालून ओढे वाहतात, तिथे २२ फूट म्हणजे फेअरवेच्या मोकळ्या वाटेवर असणे आणि चिखलात हात घालून डिस्क चाचपणे यांतला फरक आहे.

येथे जेम्स कॉनराड यांच्या फेकीची आठवण करून देण्याचा मोह आवरत नाही. २०२१ मध्ये युटा राज्यातील ऑग्डेन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या शेवटच्या होलवर पॉल मॅकबेथ एका फेकीने पुढे होते, आणि कॉनराड यांनी २४७ फुटांवरून डिस्क थेट बास्केटमध्ये घालून बरोबरी साधली व पुढे प्लेऑफमध्ये विजेतेपद मिळवले. या खेळाच्या इतिहासात सर्वाधिक पाहिली गेलेली बहुधा हीच फेक असेल. ती कोणत्या डिस्कने होती? ‘एन्व्ही’ने, म्हणजे तीन स्पीडच्या पटरने. तुमच्या टीवरच्या फेकीपेक्षा किंचित लांब अंतर, आणि हातात पटर. हे मी तुम्हाला खजील करण्यासाठी सांगत नाही. २५० फूट जाण्यासाठी रुंद रिमची मुळीच गरज नसते, एवढे त्यातून पुरेसे स्पष्ट व्हावे. ज्यांना दोन-अडीचशे फुटांच्या पुढे जाता येत नाही त्यांची अडचण बहुतेक वेळा पिशवीत नसते.

ती कुठे असते? माझ्या पाहण्यात दोन ठिकाणी. पहिली नाकाच्या कोनात. डिस्कची पुढची कड उडण्याच्या दिशेपेक्षा थोडीशी जरी वर असली तरी डिस्क वर चढते, हवेत थबकते आणि डावीकडे कोसळते. पटर किंवा मिडरेंज, म्हणजे मध्यम अंतराची, डिस्क ही चूक काही प्रमाणात पोटात घालते. पातळ धारेचा ड्रायव्हर मुळीच घालत नाही, उलट ती दुप्पट करून दाखवतो. आपली पकड एकदा जवळून पाहा. लेपर्ड धरल्यावर चारही बोटांची टोके रिमच्या आतल्या भिंतीला घट्ट टेकतात का, आणि बॉस धरल्यावर टेकतात का? मध्यम आकाराच्या हाताची बोटे सव्वादोन-अडीच सेंटीमीटरच्या रिमखाली पूर्ण पोहोचत नाहीत. मग पकड सैल पडू नये म्हणून माणूस डिस्क तळहातात खोल खुपसतो, मनगट वरच्या बाजूला मोडते आणि नाक वर जाते. डिस्कची रेषा हाताच्या रेषेत यावी, मनगट किंचित खाली झुकलेले असावे आणि अंगठा वरून दाबलेला असावा, हे अरुंद रिमवर शिकणे कितीतरी सोपे आहे.

दुसरी अडचण तुमच्या खांद्याशी संबंधित आहे, म्हणून ती अधिक गांभीर्याने घ्या. डिस्क सतत डावीकडे जाऊ लागली की हात नकळत त्यावर उपाय शोधतो. फेकताना मनगट वरून फिरवायचे, डिस्क उजवीकडे कलती सोडायची, कमरेऐवजी खांद्याने ओढायचे, असे करून डिस्क तात्पुरती सरळ जाते आणि माणसाला वाटते की युक्ती सापडली. प्रत्यक्षात त्या डिस्कचा हट्ट पुरवण्यासाठी तुम्ही आपली फेक वाकडी करून घेतलेली असते, डिस्क डगमगत सुटते आणि जो जोर पाय व कंबर यांतून यायला हवा तो खांदा आणि कोपर यांच्यावर पडतो. ‘फेकत राहा, हात तयार होईल’ या सल्ल्यात मला धोका दिसतो तो हाच. खांद्याचे दुखणे अंगावर काढू नका. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा आणि तोवर पूर्ण ताकदीच्या फेकी बंद ठेवा. बरे वाटल्यावरही काही आठवडे धावत न येता, जागेवर उभे राहून, मिडरेंज डिस्कने फेका. जागेवरून जी डिस्क सरळ जात नाही ती धावत येऊन सरळ जाणार नाही.

हे सगळे माझ्या शब्दावर मानण्याचीही गरज नाही, कारण तुमच्या जवळपासच्या एखाद्या शाळेच्या फुटबॉल मैदानावर त्याची तपासणी आयती करता येते. अमेरिकन फुटबॉलचे मैदान एका गोल रेषेपासून दुसऱ्या गोल रेषेपर्यंत १०० यार्ड म्हणजे ३०० फूट असते आणि दर पाच यार्डांवर, म्हणजे १५ फुटांवर, आडवी रेषा आखलेली असते. मैदान रिकामे असताना, वारा पडलेला असताना, एका गोल रेषेवर मधोमध उभे राहा. तुमची २३० फुटांची फेक पलीकडच्या वीस यार्डांच्या रेषेच्या थोडी अलीकडे पडली पाहिजे. लेपर्ड, एखादी पाच स्पीडची मिडरेंज आणि डिस्ट्रॉयर या तिन्ही डिस्क आलटून पालटून प्रत्येकी दहा-दहा वेळा फेका आणि अंतर लिहून ठेवा. यूडिस्क अॅपमध्ये फेक मोजण्याची सोय आहे, पण रेषा असताना तिची गरज पडू नये. नंतर प्रत्येक डिस्कच्या फेकी अंतरानुसार लावून सर्वांत लांब फेकीकडे दुर्लक्ष करा आणि मधली फेक पाहा. शाळांच्या मैदानांवर उभ्या दिशेने दोन तुटक खुणांच्या ओळी असतात, त्या मैदानाचे सारख्या रुंदीचे तीन पट्टे करतात, प्रत्येक पट्टा सुमारे ५३ फूट. मधल्या पट्ट्यात किती डिस्क थांबल्या ते मोजा. जंगलातल्या कोर्सवर ५३ फूट रुंद फेअरवे मिळाला तर ती चैनच समजायची, म्हणजे ही परीक्षा सौम्य आहे. डिस्ट्रॉयरची मधली फेक लेपर्डपेक्षा वीस फुटांनी पुढे असेल आणि पट्ट्यातल्या डिस्क तितक्याच असतील, तर माझा सल्ला बाजूला ठेवून तो खुशाल वापरा. माझा अंदाज असा की दोघांची मधली फेक पाच-सात फुटांच्या अंतराने पडेल, पट्ट्यातल्या डिस्कमध्ये डिस्ट्रॉयर बराच मागे राहील आणि मिडरेंज तुमच्या अपेक्षेपेक्षा फारच पुढे निघेल. तंत्रात अधिक रस असेल तर डिस्कच्या मध्यभागी संवेदक बसवलेले टेकडिस्कसारखे साधन कुठल्या दुकानात किंवा प्रशिक्षकाकडे वापरून पाहा; त्यात फेकीचा वेग, गिरकी आणि नाकाचा कोन आकड्यांत दिसतो, आणि नाक चार-पाच अंश वर असल्याचे एकदा डोळ्यांनी पाहिले की नवा ड्रायव्हर घेण्याची इच्छा आपोआप ओसरते.

मग लांबी वाढवायची कशी, हा प्रश्न उरतो. लेपर्ड तुमच्या हाताला योग्य आहे, ती सोडू नका. तिच्या जोडीला बझसारखी एखादी सरळ मिडरेंज घ्या आणि वजनाकडे लक्ष द्या. बरेच जण १७५ ग्रॅमचीच डिस्क मागतात, जणू वजन कमी असणे हा दोष आहे. ते वजन नियमातून आलेले आहे: व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅम एवढीच कमाल मुभा असल्याने २१ सेंटीमीटरच्या आसपासचा ड्रायव्हर १७५ ग्रॅमवर थांबतो. ती वरची मर्यादा आहे, शिफारस नव्हे. तुमच्या वेगाला १६० ते १६५ ग्रॅमची डिस्क सहज उचलली जाते आणि अधिक तरंगते. लेपर्ड सपाट सोडल्यावर वारंवार उजवीकडे कलून परत येईनाशी झाली, म्हणजे तुमचा वेग तिला जास्त होऊ लागला आहे असे समजा. वर सरकण्याची खूण हीच, आणि तेव्हा नऊ स्पीडची साइडवाइंडर किंवा व्हॅल्किरी पाहा. बारा त्यानंतर, आणि तेव्हाही कदाचित लागणार नाही.

पहिल्या मित्राच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे तेही बोलतो. समोरून जोराचा वारा असेल तेव्हा गणित बदलते. तुम्ही ताशी ४५ मैलांनी फेकलेली डिस्क ताशी १५ मैलांच्या समोरच्या वाऱ्यात शिरली की हवेच्या हिशेबाने तिचा वेग ६० होतो, आणि डिस्ट्रॉयर अचानक शहाण्यासारखा वागू लागतो. त्याच वाऱ्यात तुमची लेपर्ड उजवीकडे उलटून जमिनीवर लोळेल. मागून वारा असेल तर नेमके उलटे घडते, आणि तरीही मागचा वारा दिसला की सर्वांत वेगवान ड्रायव्हर बाहेर काढणारे लोक मी नेहमी पाहतो. त्यांच्या मनात बहुधा डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याच्या साथीने केलेली ३३८ मीटरची विक्रमी फेक असते. तो हात वेगळा होता. फोरहँडलाही, म्हणजे तळहात पुढे ठेवून बाजूने केलेल्या फेकीलाही, असाच अपवाद आहे. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून चेंडू फेकत वाढलेल्या आपल्या मंडळींना फोरहँड बॅकहँडपेक्षा लवकर जमतो असे मला अनेकदा दिसले आहे. त्या फेकीत गिरकी कमी आणि डगमग जास्त असते, त्यामुळे हट्टी डिस्क तिथे उपकारक ठरते; खांदा बरा झाल्यावर, आणि कोपर तक्रार करत नसेल तर, डिस्ट्रॉयर फोरहँडने फेकून पाहा. झुडपांवरून डोक्याच्या उंचीवरून उभी डिस्क फेकायची असेल किंवा मुद्दाम डावीकडे मोठे वळण घ्यायचे असेल तरीही तो चालतो. या सगळ्यासाठी एकच डिस्क पुरते.

मुलीच्या बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या बोटांना रुंद रिम नीट धरताच येत नाही, आणि लहान वयात डिस्क सरळ तरंगत जाताना दिसली नाही तर खेळातला रसही जातो. तिला १४० ते १५० ग्रॅमची मिडरेंज किंवा लेपर्ड आणि एक पटर द्या. पहिल्याच आठवड्यात तिची डिस्क तुमच्या बॉसपेक्षा सरळ जाईल; ते मनाला लावून घेऊ नका. तिला मोठ्यांच्या डिस्कचे आकर्षण असेल तर ऑक्टोबरमध्ये दोघे मिळून शेजारच्या रॉक हिलला जा. तिथल्या विंथ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून अमेरिकेची डिस्क गोल्फ अजिंक्यपद स्पर्धा भरते, आणि महिलांची ‘थ्रो पिंक’ स्पर्धाही अलीकडच्या वर्षांत त्याच सुमारास तिथेच होत आली आहे. महिलांचा गट जरूर पाहा. त्यांच्या फेकीचा वेग पुरुष व्यावसायिकांपेक्षा आपल्याला अधिक जवळचा असतो, त्यामुळे लांबी हाताच्या जोरावाचून कुठून येते हे तिथे डोळ्यांना समजते. प्रत्येक टीपाशी उभे राहून कोणत्या अंतराला कोणती डिस्क बाहेर निघते एवढेच दोघांनी पाहत जावे.

राहता राहिले बॉस आणि न्यूक. चांगल्या प्लास्टिकची नवी डिस्क अठरा-वीस डॉलरना येते आणि फार न झिजलेली वापरलेली डिस्क अनेक दुकाने घेतात; पहिल्या मित्रालाच विचारून पाहा, तो आनंदाने घेईल. त्या पैशांत मुलीची हलकी डिस्क निघेल आणि बहुधा तुमची मिडरेंजही.